एकेचाळीस दोषांचा शर्ट

चौतीस वर्षं मी भोपाळच्या एका मोठ्या कारखान्यात इन्स्पेक्शनला होतो. दुसऱ्याच्या कामात खोट काढायची आणि त्यावर लाल खूण करायची, याचा मला पगार मिळायचा. रिटायर झालो, पगार थांबला, खोड थांबली नाही. बरखेड्याचं कंपनीचं क्वार्टर सोडून कोटऱ्याला स्वतःच्या घरी आलो, तरी जेवायला बसलो की बायको प्रतिभा विचारते, "अहो, फोडणीतली मोहरी मोजून झाली का?"

माझ्या वाढदिवसाला, रविवारी सकाळी, पुण्याहून लेकीचं, तन्वीचं, पार्सल आलं. आत शर्ट. आमच्या लग्नाच्या अल्बममध्ये शोभेल असा: रुंद कॉलर, झाकणवाले दोन खिसे, गडद निळा. खालच्या घेरापासून खांद्यापर्यंत पांढऱ्या जाड दोऱ्याची नक्षी. चिठ्ठीत लिहिलं होतं, 'जपानी साशिको. पूर्ण हातकाम. घालून फोटो पाठवा.'

जपानी कसलं डोंबलाचं! सरळ धावदोरा होता. माझी आई गोधडीला घालायची, तिला कुणी टोकियोला बोलावलं नाही. पण जपानी म्हटल्यावर माझ्या अंगात साहेब संचारला. जपानी माल, आणि हे टाके? एक तांदळाएवढा, दुसरा हरभऱ्याएवढा. पोरीला कुणीतरी टोपी घातली होती.

मी शर्ट जेवणाच्या टेबलावर पसरला. स्टीलची पट्टी घेतली, लाल मार्कर घेतला. प्रतिभा समोर मटार सोलत होती, ती थांबली.

"अहो, हे काय करताय?"

"रिजेक्शन. परत पाठवायचा."

"एकदा घालून तरी बघा."

"तू मध्ये बोलू नकोस. तुला यातलं काय कळतं?"

हो, हे वाक्य मीच बोललो. ती पुन्हा मटार सोलायला लागली. मी एकेचाळीस दोष शोधले, एकेकाभोवती लाल गोल काढला आणि वर रिपोर्टही लिहिला: 'घेरावर काम अत्यंत निकृष्ट. खिशापर्यंत सुधारणा. खांद्यावर निर्दोष. मध्येच कारागीर बदललेला दिसतो.' फोटो काढून तन्वीला पाठवला. स्वतःवर इतका खूश होतो की चहा मागितला.

दोन मिनिटांत फोन आला. पोरगी रडत होती.

"बाबा, कारागीर नाही बदलला. तो आईचा हात आहे."

मागच्या वर्षी प्रतिभाला अर्धांगाचा झटका येऊन गेला. उजव्या हातात चमचा धरवेना. डॉक्टर म्हणाले, बोटांना बारीक काम द्या. मी रोज दुपारी गोविंदपुऱ्यात एका छोट्या कारखान्याला फुकटचे सल्ले द्यायला जायचो, तेव्हा तन्वी व्हिडिओ कॉलवर आईला टाके शिकवायची. पाच महिने. घेरापासून सुरुवात केली, खांद्यावर संपवलं. शर्ट रव्याच्या रिकाम्या डब्यात लपवलेला असायचा, कारण मी घरातला एकही डबा हाताने उघडत नाही, हे दोघींना पक्कं ठाऊक. शेवटी बटणं लावायला तो पुण्याला गेला आणि पार्सल होऊन माझ्यासारख्या दीडशहाण्याच्या हाती पडला.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मला लाज वाटली, नुसती लाज. शर्ट घेऊन मोरीत धावलो आणि साबण लावून घासायला लागलो. खुणा हलेनात. जन्मात जाणार नाही असा मार्कर मीच पारखून आणला होता.

प्रतिभा मागून आली. उजव्या हाताने तिने शर्ट माझ्याकडून ओढून घेतला.

"पुसू नका."

"अगं, मी नालायक..."

"ते लग्न झाल्यापासून माहीत आहे. मंगळवारी डॉक्टरांकडे जायचंय, हाच घालून चला."

गेलो. डॉक्टरांसमोर मला उभं करून प्रतिभा घेरापासून बोट फिरवत वर आली. घेरावर लाल गोलच गोल, पोटावर तुरळक, खिशापाशी दोन. खिशाच्या वर तिचं बोट थांबलं.

"इथून पुढे," ती डॉक्टरांना म्हणाली, "आमच्या साहेबांनासुद्धा काही सापडलं नाही."