दुखऱ्या खांद्यावर शाल

योगेंद्र सर म्हणजे सातपुडा टेनिस मंडळाचे सचिव, मोहिनीचे प्रशिक्षक, आणि नंदुरबारात कुठेही माईक दिसला की तो हातात घेणारे गृहस्थ. 'रनाळ्याची लेक जगाच्या कोर्टवर' हे वाक्य त्यांनी इतक्या सत्कारांत वापरलं होतं की मोहिनीला त्या लेकीचाच वीट आला होता.

त्या लेकीचा उजवा खांदा उन्हाळ्यापासून दुखत होता. सर्व्हिसला हात वर गेला की आत काहीतरी फाटल्यासारखी कळ यायची. "सर, डॉक्टरांना दाखवू या," असं तिने किती वेळा म्हटलं असेल. सर मलमाची ट्यूब पुढे करायचे आणि म्हणायचे, "मोठे खेळाडू दुखणं सांगत नसतात." स्वतः मात्र शिंक आली तरी दोन दिवस कोर्टवर फिरकत नसत.

तुर्कस्तानातल्या एका छोट्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत मोहिनी पहिली फेरी जिंकली. दुसऱ्या फेरीच्या सकाळी नाश्त्याच्या टेबलावर सर ब्रेडला लोणी लावत सहज म्हणाले, "आज दुसऱ्या सेटमधला तुझा पहिला सर्व्हिस गेम सोडून दे."

"सोडून दे म्हणजे?"

"दोन-तीन डबल फॉल्ट. मॅच जिंक, खुशाल जिंक. एका गेमने काय होतं? काही लोकांनी पैसे लावलेत, त्यांचं काम होईल. आणि तुझा खांदा दुखतोच आहे, कोणाला शंकासुद्धा येणार नाही."

मोहिनीने चमचा खाली ठेवला. डॉक्टर का मिळत नव्हता ते तिला त्या एका वाक्यात कळलं. तिचं दुखणं या माणसाने राखून ठेवलं होतं, घरात गूळ राखून ठेवावा तसं. तिला राग यायला हवा होता, पण आली ती किळस. बसच्या सीटवर कोणी ओकून ठेवलेलं दिसावं आणि आपण मुकाट्याने दुसरीकडे जाऊन बसावं, तशी ती उठली आणि दुसऱ्या टेबलावर जाऊन बसली. सर लोणी लावतच राहिले.

पहिला सेट तिने घेतला. दुसऱ्यातला तो गेम आला. खांदा खरोखरच निकामी झाला होता. पहिलाच चेंडू जाळ्यात गेला, दुसरा रेषेबाहेर. एक डबल फॉल्ट झाला. कुंपणापाशी खुर्चीत बसलेल्या सरांनी समाधानाने पाय लांब केले. आता ती प्रामाणिकपणे चुकली असती, तरी ती त्यांचंच काम करून देणार होती.

तेव्हा मोहिनीने लहान मुली खेळतात तशी खालून सर्व्हिस केली. पलीकडची मुलगी हसली. प्रेक्षकांतल्या कोणीतरी शिट्टीही वाजवली. मोहिनीने पुन्हा खालून चेंडू टाकला, आणि मग पुन्हा. एकेका पॉइंटसाठी ती कोर्टभर धावली, आणि गेम घेतला. सरांचे पाय आखडलेले तिने पाहिले. मॅच पुढे ती हरली, पण घाम न पुसताच स्पर्धेच्या पर्यवेक्षकांकडे गेली आणि नाश्त्याच्या टेबलावरचं सगळं सांगून मोकळी झाली.

टेनिसमधल्या गैरप्रकारांची चौकशी करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने दोघांचे फोन तपासायला मागितले. मोहिनीने आपला लगेच दिला. सरांचा फोन मात्र प्रकाशा तीर्थाला स्नान करताना तापीत पडला. सर कपड्यांसकट, फोनसकट नदीत कसे उतरले, हे विचारायचं मंडळात कोणाला सुचलं नाही.

सुरतेच्या डॉक्टरांनी तिच्या खांद्याचा स्नायू फाटल्याचं सांगितलं आणि सहा महिने रॅकेट बंद केली. त्याच आठवड्यात मंडळाचे अध्यक्ष शांतीलाल शेठ सरांना घेऊन रनाळ्याला तिच्या घरी आले. सोबत शाल आणि नारळ. प्रमिलाबाईंनी लेकीला आतून हाक मारली, "मोहिनी, तुन्हा सर येल शे."

शेठ गोडीने बोलले. मंडळ 'खेळाडू कल्याण समिती' काढत होतं. सर त्या समितीचे अध्यक्ष, मोहिनी सदस्य. तिने चौकशी करणाऱ्या संस्थेला फक्त गैरसमज झाला होता एवढं कळवायचं. "आपलाच माणूस आहे, बेटा. जिल्ह्याचं नाव जातं."

"जिल्ह्याचं नाव नाश्त्याच्या टेबलावर गेलं, शेठ," मोहिनी म्हणाली. "तेव्हा सर लोणी लावत होते."

सर उठून शालीची घडी मोडू लागले. ती मोहिनीच्या खांद्यावर घालायला ते पुढे सरकले, तसा प्रमिलाबाईंनी त्यांचा हात बाजूला केला.

"पोर रडी ऱ्हायंती तवय तुम्हले डॉक्टर सापडना नही, आनि आते शाल सापडनी? चहा व्हई गया तुम्हना. निंघा."

शेठ निघाले. सर जाताना नारळ मात्र उचलायला विसरले नाहीत.

पावसाळा सरता सरता निकाल लागला. योगेंद्र सरांवर कित्येक वर्षांची बंदी आली. मंडळाने बैठक घेऊन ठराव केला, की ही बंदी आंतरराष्ट्रीय असून तिचा जिल्ह्याशी संबंध नाही. मग सरांना हार घातला गेला आणि ते कल्याण समितीचे अध्यक्ष झाले. सचोटी या विषयावर ते बराच वेळ बोलले म्हणे. मोहिनीचं नाव मंडळाच्या फलकावरून त्याच दिवशी पुसलं गेलं. तिने ते ऐकलं आणि तिला एवढंच वाटलं, की आता त्या माणसांच्या तोंडून आपलं नाव निघणार नाही, हे बरंच झालं.

थोड्याच दिवसांत कामिनीच्या आईचा फोन आला. कामिनी मंडळात खेळणारी, मोहिनीपेक्षा बरीच लहान. "ताई, पोरना हात दुखस. सर म्हणतस, खेळत ऱ्हाय. काय करू?"

"काकू, आजच तिले तठून काढी ल्या," मोहिनी म्हणाली. "उद्या मी सुरतले डॉक्टरकडे जाई ऱ्हायनू. तिले मन्हासंगे धाडा."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीत कामिनी खिडकीशी बसली होती, कोपर दुसऱ्या हाताने धरून. मोहिनीने तिला कुठे दुखतं ते नीट दाखवायला सांगितलं.