मुंगळ्याची साक्ष

लकडगंजात लाकडाच्या वखारींमागे एक मोकळं आवार होतं. चौऱ्याहत्तर सालच्या उन्हाळ्यात दर गुरुवारी तिथे पाय ठेवायला जागा नसायची. लाकडं कापायची आरामशीन बंद झाली की बाया पोरं कडेवर घेऊन येत. आधी आलेल्या पुढे बसत, मागून आलेल्या त्यांच्याशी भांडत, आणि दूधबाबाचा सायकलरिक्षा दिसला की सगळ्या एकदम गप्प होत. बाबा हिमालयातून आलेत, असं त्यांचे चेले सांगत. बाबांची हिंदी मात्र छिंदवाड्याच्या पलीकडे कधी गेलेली दिसत नव्हती.

बाबांचा चमत्कार पाहायला साधा होता, म्हणूनच तो लोकांना पटे. आईच्या दुधात मुंगळा सोडून दूध पारखायची रीत तिकडच्या खेड्यांत जुनीच. बाबांनी तिला उदबत्ती लावली, एवढंच. ज्या बाईचं लेकरू आजारी, तिच्या दुधाचे चार थेंब ते पितळी वाटीत घेत आणि त्यात जिवंत मुंगळा टाकत. मुंगळा मेला की दूध विषारी. मग शेजारच्या चांदीच्या वाटीत त्यांचं 'सिद्ध दूध' कालवलं जाई. त्यात सोडलेला मुंगळा मिशा हलवत, मजेत दूध पीत फिरे.

"मुंगळा झूट बोलत नाही, माई!" बाबा ओरडत. "डॉक्टर झूट बोलते, मास्तर झूट बोलते, नवरा तं बोलतेच बोलते! पन मुंगळ्याले कोनती फीस पायजे?"

आवार हसे, हात जोडे, आणि सिद्ध दुधाचे डबे घेऊन घरी जाई. डब्यावरचा कागद सोलून काढलेला असे आणि त्या जागी शेंदराचं बोट ओढलेलं असे. एवढ्याने दुकानातली दुधाची भुकटी सिद्ध होत होती.

त्या गुरुवारी प्रेमिलाची पाळी होती. तिचा पमू जेमतेम चार महिन्यांचा. त्याच्या गालांवर लाल चट्टे उठले होते, त्यांतून पाणी येई, आणि खाजेने बेजार होऊन तो गाल तिच्या पोलक्यावर घाशी. इसब, असं सगळे म्हणत. कशाने झालं, ते मात्र कुणी सांगत नव्हतं. शेवटी सासूबाई, रुखमाबाई, तिला इथे घेऊन आल्या.

प्रेमिलाने गोणपाटाच्या आडोशाला जाऊन दूध काढून आणलं. बाबांनी वाटीत थेंब टाकले, मुंगळा सोडला. मुंगळा दोन पावलं चालला, वळला, पाय आखडून उलटा पडला.

"हाय राम," बाबा हळू आवाजात म्हणाले, म्हणजे शेवटच्या रांगेलाही ऐकू जाईल इतपत. "माई, तू लेकराले रोज जहर पाजून राहिली."

आवारभर च्च-च्च झालं. प्रेमिलाच्या शेजारची बाई सरकून बसली. रुखमाबाईंनी पमूला तिच्या कडेवरून घेतलं. प्रेमिलाचे हात तसेच वाकलेले राहिले.

बाबांचा हुकूम कडक होता. लेकराला सिद्ध दुधाशिवाय काही नाही. आईने त्याच्या जवळही जायचं नाही, कारण वासानेसुद्धा विष चढतं. घरी आल्यावर प्रेमिलाचं अंथरूण परसातल्या खोलीत पडलं. तिथे सरपण आणि मोडका पाळणा ठेवत. तिचा नवरा केशव आरामशीनवर हिशेबनीस होता. माणूस वाईट नव्हता, पण आईपुढे त्याचं तोंड उघडत नसे.

"ऐकता का जी," ती दारातून म्हणाली, "मले एकदा घेऊ द्या न त्याले. पाजत नाई. नुसतं घेतो."

"थोडे दिवस काढ," केशव भिंतीकडे पाहत म्हणाला. "बरा झाला का तुलेच तं घ्यायचा आहे." आणि रुमालात शिंकत निघून गेला.

परसातल्या खोलीतून घरातलं सगळं ऐकू येई. पमू रडू लागला की प्रेमिलाचा पान्हा फुटे, लुगडं भिजे. तो कशासाठी रडतो, ते तिला आवाजावरून कळे: आता भूक, आता खाज, आता नुसतीच झोप. कळून करायचं काय? दार बाहेरून लावलेलं नव्हतं. तिला कुणी बांधून ठेवलं नव्हतं. आपलंच दूध लेकराला मारील, ही भीती पुरेशी होती. माहेरी आई नव्हती. शेजारणी विहिरीवर भेटत, पण आपली पोरं पदराखाली घेत. एवढ्या भरल्या लकडगंजात तिच्याशी बोलायला एक माणूस उरलं नव्हतं.

छाती दगडासारखी झाली की ती दूध पिळून काढी आणि भिंतीच्या कडेला जमिनीवर ओती. ओतताना तिला रडू येई. मग तिथेच बसून राही.

अशाच एका दुपारी तिच्या लक्षात आलं, की त्या ओल्या मातीवर मुंगळे आले आहेत.

आधी ती दचकून मागे सरली. आता हे मरतील, तेही आपल्याच हाताने. ते मेले नाहीत. कडेकडेने उभे राहून दूध प्यायले, एकमेकांना मिशा लावल्या आणि चौकटीखालच्या भोकात गेले. थोड्या वेळाने आणखी मुंगळे घेऊन आले. दुसऱ्या दिवशी तिने मुद्दाम बशीत थेंब टाकले. एक मुंगळा उचलून त्यात सोडला आणि ऊन सरकेपर्यंत पाहत बसली. मुंगळा पोटभर पिऊन बशीच्या काठावरून उतरून गेला.

ती सातवी शिकलेली होती. मोठं काही तिला ठाऊक नव्हतं. पण मुंगळा तोच, दूध तेच, आणि इथे मरत नाही. मग मरतो तो कशाने? इथे नि बाबांकडे वेगळं काय होतं? वाटी.

तिने केशवला सांगितलं. तो म्हणाला, "बाबाची वाटी मंतरलेली असते, वं. तिले खरं-खोटं समजते."

इकडे पमूचं इसब उतरायच्या ऐवजी मानेपर्यंत आणि कोपरांच्या लवणांत पसरलं. डबा सुरू झाल्यापासून पोटही बिघडलं होतं. चेले म्हणाले, आतलं जहर बाहेर पडून राहिलं, चांगली निशाणी आहे. रुखमाबाईंना ते पुरतं पटेना. विष उतरलं की नाही ते पुन्हा पाहू, म्हणून त्यांनीच सुनेला पुढच्या गुरुवारी चल म्हटलं.

प्रेमिला तयार झाली. निघताना तिने देवघरातला गंगेचा गडू उचलला. तो रुखमाबाईंनी काशीहून आणलेला, लाखेने तोंड बंद केलेला, मरणाऱ्याच्या तोंडात घालायला जपून ठेवलेला.

"तो काहून?" सासूबाईंनी विचारलं.

"शुद्धीले," ती म्हणाली. सासूबाईंना ते बरं वाटलं.

आवार नेहमीसारखं भरलं होतं. बाबांनी पितळी वाटी फडक्याने हळूच पुसून पुढे ठेवली. "आओ माई, दूध लाओ."

"आनतो बाबा. पन पहिले गंगामायची परीक्षा होऊ द्या," प्रेमिला म्हणाली. आपला आवाज इतका मोठा निघेल असं तिला वाटलं नव्हतं. तिने गडूची लाख फोडली, वाटीत चार थेंब टाकले आणि बाबांच्याच डबीतला मुंगळा स्वतःच्या हाताने सोडला.

"अरे, ये क्या!" बाबांचा हात पुढे आला. पण गंगाजल पडलेली वाटी भर गर्दीत लवंडायची कशी? हात तिथेच थांबला.

मुंगळा थोडा चालला. वळला. पाय आखडून उलटा पडला.

प्रेमिलाने विचारलं, "बाबा, गंगामाय जहर आहे काय?"

"गडू झूटा असन! नळाचं पानी असन!" बाबा म्हणाले, आणि तिथेच फसले.

"काय म्हनलं?" रुखमाबाई उभ्या राहिल्या. "म्या स्वतः काशीले जाऊन भरला गडू! माही गंगा झूटी? आन नळाचं पानी जरी असलं, तं लकडगंजाच्या नळानं मुंगळे मरते काय, मुडद्या?"

वखारीचे मारोतराव पुढे आले. त्यांनी वाटी उचलून उदबत्तीपासून लांब नेली, नाकाशी धरली आणि मान झटकली. "अरे बापा! ही तं ढेकनाची पावडर! माह्या खाटेले रोज हाच वास येते."

वाटी हातोहात फिरली. तो वास घरोघरचा होता. फडकं झटकलं तर पांढरी भुकटी उडाली.

"आता ती चांदीची वाटी द्या," प्रेमिला म्हणाली. ती गोणपाटाआड गेली. बऱ्याच वेळाने बाहेर आली तेव्हा तिच्या पेल्यात दुधाचे मोजकेच थेंब होते. दूध आटत चाललं होतं. ते तिला आतच कळलं होतं. थेंब वाटीत पडले, मुंगळा सुटला, आणि सगळ्यांच्या देखत तो ते दूध मिशा हलवत प्याला.

पुढे काय झालं ते सांगायला नको. बाबांना परत जाताना सायकलरिक्षाही मिळाला नाही.

दुसऱ्या दिवशी केशव सगळ्यांना घेऊन इतवारीतल्या यमुताई डॉक्टरांकडे गेला. त्यांनी पमूला उघडा करून पाहिलं.

"घरात कुणाला दमा, शिंका, खाज?"

केशव नेमका तेव्हाच शिंकला. रुखमाबाईंनी कोपरं पदराखाली झाकली. तिथे त्यांना वर्षानुवर्षं खाज होती.

"मग पोराने ते तुमच्याकडून घेतलं," यमुताई म्हणाल्या. "यात कुणाचा दोष नाही. शाप नाही, विष नाही. कातडीच नाजूक. डब्यात गाईचंच दूध असतं, वाळवलेलं. ते काही वाईट नाही. जिला दूधच येत नाही, तिच्या लेकराला तोच आधार. पण काही पोरांना गाईचं दूध सोसत नाही, पोट आणि कातडी दोन्ही बिघडतात. याचंही तसंच दिसतं. आईचं दूध असताना ते तोडायला नको होतं."

"आता अंगावर पाजलं का इसब जाईन?" केशवने विचारलं.

"तशी हमी मी देणार नाही. अंगावर पिणाऱ्या पोरांनाही होतं. कमी व्हावं अशी आशा आहे. खोबरेल लावा, नखं कापा, आणि आईला तिचं मूल द्या."

आईला मूल मिळालं. पण पमूने तोंड फिरवलं. त्याला आता बाटलीचं रबरी बोंड ओळखीचं होतं. तो अंगाशी घेतला की ताठ होई, किंचाळे. रुखमाबाई गरम पेज आणून ठेवत. 'चुकलं' हा शब्द त्या घरात कुणी उच्चारला नाही. आवारात तिच्या दुधासाठी एक माणूस बोललं नव्हतं, गंगेसाठी मात्र सगळे बोलले होते, हे प्रेमिला विसरू शकत नव्हती. ती दार लोटून बसे, पोराला छातीशी उघडं धरी, आणि तो नाकारी, आणि ती पुन्हा धरी.

एका दुपारी तो अर्धवट झोपेत चाचपडला, आणि लागला. पहिल्यांदा नुसतं चोखणं. मग एक घोट गिळल्याचा आवाज. प्रेमिलाने श्वास रोखला. मग दुसरा घोट. तेव्हा ती रडली. बोलवायला कुणी नव्हतं, आणि कुणाला बोलवावंसं तिला वाटलंही नाही.

इसब हळूहळू निवळलं. पुढचे हिवाळे ते अधूनमधून डोकावत राहिलं.

वाचकहो, लेकराच्या अंगावर चट्टे उठले तर डॉक्टरला दाखवा. दूध कोणतं पाजायचं ते त्याला विचारा, शेंदूर लावलेल्या डब्याला नको. आणि कुणी चमत्काराने एखादीला दोषी ठरवू लागला, तर एवढंच म्हणा, की हीच परीक्षा दुसऱ्या कशाची घेऊन दाखवा. त्याला शिक्षण लागत नाही. त्या पहिल्या गुरुवारी आवारभर माणसं होती. त्यातल्या एकाने जरी हे म्हटलं असतं, तरी त्या पोराला आईपासून तोडावं लागलं नसतं.