कचऱ्याच्या डब्यापर्यंत

वकिलातीच्या सचिवसाहेबांच्या बंगल्याबाहेर हवालदारबाईंचा पहारा होता. तो साहेबांच्या रक्षणासाठी, आत राबणाऱ्या पोरीसाठी नव्हे. पोरीची मावशी रोज येऊन समोरच्या फुटपाथवर बसायची. भाचीचा फोन काढून घेतलाय, तिला बाहेर सोडत नाहीत, मारतात, हे सगळं तिने ठाण्यात सांगून पाहिलं होतं. ठाण्याने हात वर केले. परक्या देशाच्या अधिकाऱ्याचं घर. बोलावल्याशिवाय आत पाऊल टाकता येत नाही आणि साहेबांना अटकही करता येत नाही.

"मग तू कशाला उभी आहेस गं? शोभेला?" मावशी विचारायची. बाई टोपी सारखी करून पुन्हा फाटकाकडे बघायच्या.

साहेबांचा इथल्या कुणावरच काडीचा भरवसा नव्हता. कचरागाडीच्या माणसांनाही आत मज्जाव. डबा घरच्या माणसाने बाहेर आणून ठेवायचा, असा त्यांचाच हुकूम. त्या सकाळी माळी भांडून काम सोडून गेला आणि साहेबांच्या मॅडमनी तणतणत पोरीलाच डबा देऊन बाहेर पाठवलं.

पोरगी फुटपाथवर आली तशा बाई तिच्या आणि फाटकाच्या मध्ये जाऊन उभ्या राहिल्या.

"आत जायचंय की मावशीकडे? तूच सांग. मी ओढणार नाही."

पोरगी डबा धरून फाटकाकडे बघत राहिली. तेवढ्यात साहेब सपाता फटफटवत आले. आधी हुकूम झाला, मग वर्दी उतरवण्याची धमकी.

"मला हात लावता येत नाही तुला. माहीत आहे ना?"

"माहीत आहे, साहेब. म्हणून तर हात मागे घेतलेत."

त्यांनी बाईंना ढकललं. टोपी पडली. बाईंच्या अंगाची लाही लाही झाली, पण पाठीमागे बोटं एकमेकांत घट्ट गुंफून त्या पुन्हा तिथेच उभ्या राहिल्या. साहेबांनी पुन्हा ढकललं.

"मला नाही जायचं आत," पोरगी पुटपुटली.

"मोठ्याने बोल, बाळ."

तिने मोठ्याने सांगितलं. रस्त्यावरचे दोघेतिघे थबकले. मावशीने तिला अनवाणीच पोटाशी धरून नेलं.

दुपारी वरिष्ठांचा फोन आला: साहेबांची माफी मागायची. बाईंनी विचारलं, पोरगीही परत आणून द्यायची का? "माफी पुरे," वरिष्ठ म्हणाले आणि फोन ठेवला.

बाईंनी माफी मागितली. साहेबांच्या डोळ्यांत बघत, अगदी सावकाश.