सेहेचाळीस किलो

"ती बसते, पण शेजारी कोणी बसलंय असं वाटतच नाही," कोहेइ म्हणाला.

हे चिसातोने ऐकावं म्हणून तो बोलला नव्हता. ती गॅरेजच्या मागच्या भिंतीशी, माणसाच्या उंचीपर्यंत रचलेल्या टायरांच्या आड, नळावर हात धुऊन खिशात रुमाल शोधत उभी होती; आणि पलीकडे तिचा चार महिन्यांचा नवरा गॅरेजवाल्या सेनोसानना हे इतक्या सौम्यपणे सांगत होता, की ती तक्रार आहे हे कळायलाही तिला एक क्षण लागला. दाताच्या डॉक्टरकडून घरी आल्यावर आपण ओठ चावून बघतो, तसं तिने ते वाक्य मनात एकदा चावून पाहिलं. काही जाणवलं नाही.

"नवीन आहे ती," सेनोसान म्हणाले. "नव्या स्प्रिंगासुद्धा पहिल्या दिवशी आपल्या जागी बसत नाहीत. हजार किलोमीटर जाऊ दे."

"तसं नाही. गाडीलाच कळत नाही असं वाटतं. वळणावर डाव्या बाजूला माणूस असला की गाडी वेगळी चालते, मला पाठीत कळतं. इथे काहीच कळत नाही."

कोहेइची पाठ थापा मारणारी नव्हती. ओकायामाच्या डोंगरातल्या सर्किटवर त्याने दहा वर्षं रविवार घालवले होते. त्याच्या दोन गाड्या होत्या, एक पांढरी, एक पिवळी, आणि दोन्ही आतून सोललेल्या. गालिचा नाही, रेडिओ नाही, एसी नाही, मागचा बाक नाही. दोन किलो वाचतात म्हणून त्याने पांढरीची मागची काच काढून प्लास्टिक बसवलं होतं, आणि शर्यतीच्या सकाळी तो काच पुसायच्या टाकीतलं पाणीसुद्धा काढून टाकत असे. लग्न ठरण्याआधी त्याने चिसातोला पहिल्यांदा ती गाडी दाखवली, तेव्हा डावीकडे सीटच्या जागी उघडा पत्रा आणि चार भोकं होती. "मी कुठे बसू?" असं तिने विचारलं होतं, अगदी सहज. तो हसला होता. मग लग्नाची तारीख ठरल्यावर महिन्याभरात, कोणी सांगितलं नसताना, त्याने दोन्ही गाड्या विकल्या आणि सात वर्षं वापरलेली एक गर्द हिरवी उघडी गाडी आणली: सायीच्या रंगाच्या चामड्याच्या सीट, त्या गरम करायची सोय, आणि बटण दाबलं की चौदा सेकंदांत मागे घडी होऊन बसणारं कापडी छप्पर. डावं दार उघडून तो म्हणाला होता, "ही तुझी जागा."

एवढी मोठी गोष्ट तिच्यासाठी आजवर कोणी केली नव्हती. ती "छान आहे" म्हणाली होती, आणि ते पुरेसं नाही हे त्याच्या चेहऱ्यावर लगेच दिसलं होतं. तेव्हापासून ती दर रविवारी त्या जागेवर बसत होती आणि दर वेळी तिला वाटे, आज आपल्याला आनंद होईल, आज आपण काहीतरी बोलू. ज्या जागेपायी दोन गाड्या गेल्या, त्या जागेला आपण आज पुरे पडू.

"चल, गाडी तोलूनच बघू," सेनोसान म्हणाले. "म्हणजे तुझ्या पाठीची शंका फिटेल."

कोहेइचा सर्किटवरचा मित्र नाम्बा तेवढ्यात आत आला होता. "आरामगाडी तोलायची? गादीला कोणी इस्त्री करतं का?"

"दोघांच्या वजनाचा तोल बघायचाय," कोहेइ म्हणाला.

"यात कप ठेवायला जागा आहे?"

"आहे. दोन."

"झालं. संपला माणूस," नाम्बा म्हणाला आणि टायरांआडून येणाऱ्या चिसातोला बघून त्याने टोपी काढली. "वहिनी, मी तुमच्याबद्दल बोलत नव्हतो."

चारही चाकांखाली सपाट काटे सरकवले गेले. त्यांच्या तारा एका डबीला जोडलेल्या होत्या, आणि डबीवर हिरवे आकडे होते. एरवी मालक हजर नसला तर सेनोसान त्याच्या सीटवर तांदळाची पोती ठेवून काम भागवत. "पण नव्या नवरीच्या जागी पोतं ठेवलं," ते म्हणाले, "तर योशिए मला आज जेवायला घालायची नाही." आधी कोहेइ बसला. मग चिसातो बसली, पट्टा लावला, हात मांडीवर ठेवले. आकडे हलले आणि थांबले.

"डावीकडे सेहेचाळीस वाढले," सेनोसान म्हणाले. "बघ, बसलीय की."

"बाईमाणसाचं वजन असं ओरडून सांगतात?" आतून त्यांची बायको योशिएसान म्हणाल्या. "पोरी, ये इकडे, चहा न्यायला मदत कर. या लोकांना काही पोच नाही."

ती उतरून आत गेली. ट्रे घेऊन परत आली, तेव्हा तिघंही डबीवर वाकले होते. कोहेइही आता गाडीतून उतरला होता. उजवीकडचा आकडा त्याच्या वजनाइतका खाली आला होता. डावीकडचा आला नव्हता.

"अडकलाय," नाम्बा म्हणाला.

सेनोसाननी डबीला टिचकी मारली. मग गाडी ढकलून काट्यांवरून खाली घेतली; आकडे मुकाट शून्यावर आले. गाडी पुन्हा वर चढवली. डावीकडे ते सेहेचाळीस किलो जसेच्या तसे. "उघड्या गाड्या जुन्या झाल्या की छपरातून गळतात," सेनोसान म्हणाले, "गालिच्याखाली पाणी साठतं. बादल्यांनी काढलंय मी." त्यांनी डावीकडचा गालिचा उचलून हात घातला. मग बाहेर काढून तळवा पँटला पुसला, खरं तर तो कोरडाच होता. त्यानंतर सगळ्यांनी चहा प्यायला आणि त्या वर्षी थंडी लवकर पडणार, यावर बराच वेळ बोलणं झालं.

घरी जाताना कोहेइने दोन वळणं जरा वेगात घेतली आणि कित्येक दिवसांनी तो मनापासून हसला. "आता कळतंय," तो म्हणाला.

पुढच्या रविवारी चिसातोला ताप होता. कोहेइ एकटाच समुद्राच्या रस्त्याने हिनासे गावापर्यंत जाऊन आला आणि येताना तिच्यासाठी तिळाच्या बिस्किटांचा पुडा घेऊन आला. त्यापुढच्या रविवारी ती ज्या चष्म्याच्या दुकानात काम करायची तिथे तिची कामाची पाळी होती. तेव्हाही त्याने एक लहानसा डबा आणला, वरच्या कागदाला सुरेख गाठ मारलेला. तिसऱ्या रविवारीही तो एकटाच गेला, पण हात हलवत आला. चौथ्याही. चिसातोला गोडाची हौस नव्हती, तरी ती ओट्याशी कांदा चिरता चिरता त्या गोष्टीचा विचार करत राहिली. कोहेइ असल्या रीतीभातींत चुकणारा माणूस नव्हता. फिरून येणारा माणूस घरी राहिलेल्यासाठी काहीतरी आणतोच, शेजारणीसाठी आणतो, कचेरीत सहा जणांसाठी आणतो. फक्त बरोबर आलेल्या माणसासाठी कोणी काही आणत नाही.

"आज काय जेवलास?" तिने विचारलं.

"काय जेवलास म्हणजे?" तो मोजे काढत म्हणाला. "तेच ते, कालवं घातलेलं धिरडं. माझ्या तव्यातली कालवंसुद्धा तूच संपवलीस आणि वर मलाच विचारतेस."

चिसातो कालवं खात नसे. लहानपणी एकदा खाल्ली होती आणि दोन दिवस दवाखान्यात काढले होते. "हो का," ती म्हणाली, आणि तिने उरलेला कांदा चिरून घेतला. तो थट्टा करत असेल म्हणून ती जरा थांबली. मग वळून पाहिलं. तो थट्टा करत नव्हता. बाहेर भरपूर वारा खाऊन आलेल्या, पोट भरलेल्या माणसाच्या चेहऱ्याने तो वर्तमानपत्र उघडत होता.

त्या हिवाळ्यात घर चांगलं चाललं. असं म्हणायला ती स्वतःच बिचकली असती, पण खरं तेच होतं. कोहेइ वेळेवर घरी येई, भांडी घासू लागे, झोपताना पाठीवर हात ठेवी. रविवारी ती पायरीपर्यंत जाई, गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत उभी राही, आणि आत येऊन कपडे वाळत घाली. दुपारी परत आलेल्या कोहेइच्या तोंडून, तुकड्यातुकड्यांनी, आपण काय काय बोललो ते तिला कळे. आपल्याला त्याच्या आईची पाठवलेली लोणची आवडत नाहीत. आपल्याला पुढच्या वर्षी बेटावर घर घ्यायचंय. यातलं पहिलं खरं होतं, दुसरं तिने कधी मनातही आणलं नव्हतं. पण ऐकल्यावर वाटलं, काही वाईट नाही.

मग फेब्रुवारीतल्या एका रविवारी तो आला आणि अंगातला कोट न काढताच तिच्याजवळ बसला.

"लग्नाच्या दिवशीचं तू सांगितलंस ते फार बरं केलंस," तो म्हणाला.

"काय सांगितलं?"

"आता लाजतेस का? तेच. सभागृहाच्या बाथरूममध्ये आरशासमोर उभी राहून हसायचा सराव करत होतीस. आतून काहीच वाटत नव्हतं म्हणून. मला वाटायचं मीच एकटा घाबरलोय."

चिसातोने चहाचा पेला खाली ठेवला. त्या बाथरूममध्ये त्या दिवशी दुसरं कोणी नव्हतं. तिने ते आईला सांगितलं नव्हतं, बहिणीला सांगितलं नव्हतं, पुढच्या जन्मातही सांगणार नव्हती. कोहेइने तिचा हात हातात घेतला आणि इतक्या मायेने दाबला, की ती त्या हाताकडे बघत राहिली, एखाद्या दुकानात दुसऱ्याच्या पसंतीची वस्तू बघावी तशी. संसारात जे बोलायचं असतं, ते बोललं जात होतं. जे ऐकून माणूस माणसाजवळ येतो, ते ऐकून तो जवळ आला होता. तिने मात्र तोंड उघडलं नव्हतं.

पुढच्या रविवारी तिने बरोबर जायचं ठरवलं. कोहेइ बूट घालत होता, तेव्हा ती कोट घालून बाहेर आली. "मी येते," ती म्हणाली. त्याने मान हलवली, जसं काही यात नवल नव्हतं. डावं दार उघडून ती बसली. त्याने अजून गाडी चालू केली नव्हती आणि रात्रभर दंव पडलं होतं, तरी सीट कोमट होती. पट्टा ओढला तर तो आधीच तिच्या बेताचा होऊन बसल्यासारखा वाटला.

छप्पर उघडं, पायांशी गरम हवा, खाली निळाकरडा समुद्र आणि त्यात कालवांच्या शेतीच्या तराफ्यांच्या रांगा. तिने मनात वाक्यं जुळवली. खाडीवरचा पूल आला की म्हणू, असं ठरवलं; पूल आला आणि गेला. मग बोगदा झाल्यावर. कोहेइ दोनदा तिच्याकडे बघून पुढे बघू लागला. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा तो म्हणाला, "आज तू तुझ्यासारखी नाहीस."

"कशी असते मी?"

त्याने थोडा विचार केला. "जाऊ दे. दमली असशील," तो म्हणाला, आणि परत येईपर्यंत दोघं काही बोलले नाहीत. घराशी पोहोचल्यावर ती उतरली, दार लावलं, पायऱ्या चढली. मागे वळली तेव्हा तो अजून गाडीतच होता, डावीकडे मान कलती करून, कोणाचं तरी ऐकत असल्यासारखा. बोलणाऱ्याचं वाक्य पुरं होईपर्यंत माणूस थांबतो, तितकाच तो थांबला. मग हसला आणि उतरला.

त्यानंतर ती गेली नाही. त्यानेही विचारलं नाही.

मे महिन्यात सेनोसाननी आपल्या नेहमीच्या माणसांना गॅरेजच्या अंगणात जेवायला बोलावलं. चिसातोची अर्ध्या दिवसाची पाळी होती. कोहेइ गाडी घेऊन आधी गेला, ती दुपारी बसने आली. फाटकापाशी पोहोचली तेव्हा ऊन डोक्यावर होतं आणि अंगणाच्या मधोमध, छप्पर मागे घडी केलेली ती हिरवी गाडी उभी होती. कोहेइ आपल्या सीटवर बसला होता, एक पाय बाहेर. नाम्बा डाव्या दारावर कोपर टेकवून इतका हसत होता, की त्याने डोळे पुसले. "वहिनी, पुरे करा," तो म्हणत होता, "माझ्या बायकोला हे सांगितलं तर ती मला घरात घेणार नाही." योशिएसान हातात भाताची वाटी धरून त्याच बाजूला वाकल्या होत्या. "असं काय करतेस, दोन घास तरी खा. किती वाळलीस."

चिसातोला फक्त सीटची मागची बाजू दिसत होती. ती फाटकातून चार पावलं आत गेली, जरा बाजूला, जिथून दिसेल तिथे. डाव्या सीटवरचा पट्टा ओढून लावलेला होता. तो सीटच्या पाठीला टेकलेला नव्हता; वीतभर पुढे, हवेत ताणलेला होता, आणि ती बघत असताना तो सावकाश वर आला आणि सावकाश खाली गेला.

पावलांच्या आवाजाने सगळ्यांनी वळून पाहिलं. तिच्या मागून ऊन येत होतं, म्हणून सेनोसाननी डोळ्यांवर हात आडवा धरला.

"या," ते म्हणाले, अनोळखी गिऱ्हाइकाला म्हणावं तसं. "कोण हवंय आपल्याला?"

कोहेइही बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर उत्सुकता होती, आदब होती, आणि कितीतरी दिवसांपासून मुरलेलं एक समाधान होतं, जे तिला त्याच्या चेहऱ्यावर कधी आणता आलं नव्हतं. एक शब्द उच्चारायचा होता, तीन अक्षरांचा, स्वतःचं नाव. सगळे थांबले होते, तिच्यासाठी थांबले होते. मानेवर पडणारं ऊन कडक असणार हे तिला माहीत होतं. तिला ते लागत नव्हतं.

"छप्पर लावून घ्या," ती म्हणाली. "चिसातोला ऊन सोसत नाही."