थरथरू द्या मला!

मित्रांनो, मला पहिल्यांदा पाहणारा माणूस हमखास विचारतो, "हे इस्त्रीचं टेबल आहे का?" पूर्वी मला राग यायचा, आता येत नाही. चार पाय, वर आडवं लाकूड, खाली पेडल. बघणाऱ्याचा तरी काय दोष? पण मी एक जुनी पेडल स्टील गिटार आहे, आणि आज माझी गोष्ट पुरी सांगितल्याशिवाय मी काही थांबणार नाही!

मला गळ्यात अडकवत नाहीत. माझ्यासमोर खुर्ची टाकून बसतात. उजव्या हाताने तारा छेडायच्या, डाव्या हातातली गुळगुळीत पोलादी कांडी तारांवरून सरकवायची, पायांनी पेडलं दाबायची आणि गुडघ्यांनी खालच्या दांड्या ढकलायच्या. पेडल दाबलं की तार ताणली जाते आणि सूर वर चढतो. तोही धपकन नाही, तर रडणारं मूल हळूहळू हसायला लागावं तसा.

मला एका सुताराने घडवलं. तो फळ्यांवर बोटांनी टकटक करायचा आणि कान देऊन ऐकायचा. "ही मुकी आहे," म्हणत त्याने कितीतरी फळ्या बाजूला टाकल्या, तेव्हा कुठे माझं घट्ट मेपलचं लाकूड त्याला पसंत पडलं. तारा ज्या धातूच्या ठोकळ्यावर टेकतात, तो त्याने लाकडावर असा आवळून बसवला की मध्ये कागदसुद्धा शिरू नये.

माझा पिकअप मात्र त्याच्या बायकोने केला. पिकअप म्हणजे तारांच्या खाली बसलेला माझा कान. लोहचुंबकाभोवती केसासारखी बारीक तांब्याची तार गुंडाळायची, की तारांच्या थरथरण्याची वीज होते आणि ती ॲम्प्लिफायरपर्यंत पोचते. ती बाई शिलाई मशीनच्या चाकावर ते वेढे देत होती.

"अजून थोडे वेढे दे की. आवाज मोठा येईल," सुतार म्हणाला.

"मोठा येईल आणि घोगरा येईल. घोगरी पोरगी नकोय मला," असं म्हणून तिने तार तोडलीच!

मग मी एका ऑर्केस्ट्रात गेले. मला वाजवणारीला आज सगळे आत्या म्हणतात, म्हणून मीही आत्याच म्हणते. काय दिवस होते ते! आत्याने कांडी फिरवली की नाचणाऱ्यांचे पाय आपोआप मंदावायचे. लोक येऊन माझ्या लाकडावर हात फिरवून जायचे. पुढे आत्याच्या बोटांचे सांधे आखडले. तिने मला पुसून भावाच्या दुकानात ठेवलं, आणि मी नुसती एक अडचण होऊन राहिले. कुणी माझ्यावर पिशव्या ठेवल्या, कुणी ओला टॉवेल टाकला.

भाऊ फ्रिज दुरुस्त करतो. मनाने सोन्यासारखा माणूस, पण त्याच्या लेखी थरथरणारी वस्तू म्हणजे आजारी वस्तू. त्याचा मला काय त्रास होईल, ते तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही.

त्याची शाळेत जाणारी मुलगी, तिला घरात टिटवी म्हणतात. का, ते तिचं बोलणं ऐकलं की कळतं. या टिटवीने एके दिवशी पिशव्या उचलून फेकल्या आणि आत्याला खुर्चीसकट ओढत आणलं. "शिकव!" आत्या सांगत गेली, टिटवी वाजवत गेली. तिचा हात भराभर बसला. माझाच आवाज बसलेला होता.

मग टिटवी मला घेऊन आत्याच्या जुन्या ऑर्केस्ट्रात गेली. तिथल्या मास्तरांनी आम्हाला ऐकलं आणि तोंड वाकडं केलं. "पोरी, हात छान आहे तुझा. पण वाद्य मेलंय. रविवारी परत ये. वाजलं, तर ही खुर्ची तुझी. नाहीतर इथे की-बोर्ड येईल, आणि हिचे पाय मी माझ्या स्पीकरला लावीन."

माझे पाय! स्पीकरला!

टिटवी घाबरली नाही, पेटली. वाद्यांच्या दुकानदाराने सांगितलं, पिकअप म्हातारा झालाय, हा नवा बसव, खूप वेढ्यांचा, दणदणीत. बसवला. खिडकीची काच हादरली इतका आवाज झाला! पण सूर निघाला की लगेच विरायचा. पेडल दाबलं की बाकीच्या तारा सुरातून घसरायच्या.

आत्या म्हणाली, "आवाज वाढलाय गं. पण सूर बसतोय कुठे? दारातूनच 'येते हं' म्हणणाऱ्या पाहुणीसारखा पळतोय."

टिटवीने ॲम्प्लिफायरची वायरच उपटली. वीज नाही, पिकअप नाही, नुसती मी. तिने तार छेडली आणि धातूच्या ठोकळ्याला बोट लावलं. ठोकळा थरथरत होता. मग तिने माझ्या लाकडाला कान लावला. लाकूड गप्प!

"म्हणजे थरथर मध्येच कुणीतरी खातंय," ती ओरडली आणि पाना घेऊन खाली शिरली. ठोकळा आणि लाकूड यांच्यामध्ये तिला काय सापडलं? जाडजूड, काळ्या रबराच्या चकत्या. फ्रिजच्या कंप्रेसरखाली बसवतात ना, अगदी तशाच! त्यांच्यावर ठोकळा डुलायचा, म्हणूनच एक तार ताणली की बाकीच्या घसरायच्या.

"बाबा! हे तुम्ही घातलंत?"

"मग! दुकानात कंप्रेसर चालू झाला की हिची पेडलं खडखडायची. म्हटलं, आत्याची लाडकी आहे, नीट सांभाळू. चांगल्यातलं रबर आहे ते!"

"बाबा, ही फ्रिज नाहीये!"

"मग थंड कशी पडली?" म्हणून ते हसले. आत्या म्हणाली, "दादा, अरे हिचं थरथरणं हाच हिचा जीव रे."

बाबांनी लगेच बाह्या वर केल्या. बापलेकीने मिळून प्रत्येक चकती काढली, लाकूड घासून सपाट केलं, ठोकळा पुन्हा आवळला. पेडलांची खडखड तर खालच्या सांध्यांत दोन थेंब तेल टाकताच मिटली.

टिटवीने तार छेडली, आणि मित्रांनो, माझं लाकूड पायापर्यंत शहारलं! नव्या पिकअपमधूनही सूर आता टिकला, पण गोधडीतून बोलल्यासारखा वाटला. मग तिने सुताराच्या बायकोचा जुना पिकअप बसवला. तारांना अगदी खेटून ठेवला, तर चुंबक तारा ओढायला लागला. तिने तो थोडा खाली घेतला, ऐकलं, पुन्हा हलवला. नीट जमेपर्यंत ती जेवायलाही उठली नाही.

रविवारी मास्तर पाना हातात घेऊनच उभे होते. टिटवीने एकच सूर छेडला आणि पेडल दाबलं. सूर चढला, पसरला, टिकून राहिला. मास्तरांनी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं; सूर अजून चालूच होता. तो संपल्यावर त्यांनी पाना खिशात टाकला. "सराव संध्याकाळी असतो. उशीर चालणार नाही."

मित्रांनो, एखादी वस्तू गप्प झाली, तर लगेच तिला मोठा कर्णा लावू नका. पिकअप कितीही भारी आणा, लाकूड आणि धातू जे बोलतील तेच त्याला ऐकू येणार. म्हणून आधी शांतपणे कान लावा, आणि मायेपोटीसुद्धा कुणाचं तोंड बांधू नका.

आता पुरे. टिटवी तारा जुळवतेय, मला सरावाला जायचंय!