डॅशबोर्डामागची गाठ

गाडी सुरू होत नाही म्हणून कोणाचा फोन आला की मी पहिल्यांदा एकच गोष्ट विचारतो, किल्ली फिरवल्यावर आवाज कसला येतो? इंजिन घरघरतं पण पेट घेत नाही, की नुसतं ‘टक’ होतं, की तेही नाही? अर्धं निदान तिथेच होतं. पण ऐकून घेण्याचा धीर आमच्या धंद्यात फार थोड्यांना असतो. बाकीचे आल्या आल्या स्टार्टर खाली उतरवतात, नवा बसवतात, आणि तरीही गाडी ढिम्म हलली नाही की मान खाजवत बॅटरीकडे वळतात. मी एकतीस वर्षं गाड्यांच्या वायरिंगचं काम करतो आहे आणि नुसत्या अंदाजाने एकही वस्तू बदललेली नाही. हे मी जरा फुशारकीनेच सांगतो, कारण सांगण्यासारखं माझ्याजवळ दुसरं फारसं काही नाही.

त्या बाईंनी फोनवर उत्तर दिलं, “कसलाच आवाज नाही.” मग म्हणाल्या, “म्हणजे चार वर्षांपूर्वी आला नव्हता. त्यानंतर कोणी किल्ली फिरवलेलीच नाही.”

दुसऱ्या दिवशी दुपारी मी गेलो. आभाळ भरून आलं होतं, पण पाऊस पडण्याचं काही लक्षण नव्हतं, नुसताच एक मळकट उजेड सगळीकडे साचून राहिला होता. एकसारखी बैठी घरं, एकसारखी फाटकं, एकमेकींतून फुटणाऱ्या गल्ल्या. पत्ता शोधण्याच्या बाबतीत मी अगदी ठोंब्या, मला दुकानातून घरी पोहोचवायलाही माणूस लागेल असं बायको चारचौघांत म्हणते, पण त्या दिवशी मी कोणालाही न विचारता नेमका त्या फाटकाशी येऊन थांबलो. नशीब, एवढंच मनात आलं.

घराच्या बाजूला पत्र्याच्या आडोशाला ती जुनी पिकअप उभी होती. चारही टायर बसलेले, बॉनेटवर ताडपत्री, आणि मागच्या हौद्यात एक उतरती लाकडी चौकट, तिला जाड नमद्याचा मऊ थर ठोकलेला. बाईंचे यजमान खिडक्यांच्या काचा बसवायचे, काचा उभ्या वाहून न्यायला त्यांनी ती चौकट स्वतः केली होती. बाई पन्नाशीच्या पुढच्या, शांत, बोलताना समोरच्याकडे नीट बघणाऱ्या. माझ्याकडेही त्यांनी असंच, जरा जास्त वेळ बघितलं.

“उद्या माझा मुलगा येणार आहे,” त्या म्हणाल्या, “गाडी घेऊन जायला. विकेल, मोडीत काढेल, मला त्याचं काही नाही. गाडी चालू झाली नाही तरी चालेल, मिस्त्री. पण त्या दिवशी ती का चालू झाली नाही, तेवढं मला सांगा.”

“त्या दिवशी म्हणजे?”

त्यांनी सांगितलं ते कोरड्या आवाजात सांगितलं, जणू पुष्कळ वेळा मनातल्या मनात म्हणून पाठ झालं होतं. सकाळी यजमानांच्या छातीत दुखायला लागलं. मुलगा तेव्हा सोळा वर्षांचा. दोघांनी मिळून त्यांना गाडीत बसवलं, बाई चालवायला बसल्या आणि किल्ली फिरवली. काहीच झालं नाही. त्या फिरवत राहिल्या. यजमान शेजारच्या सीटवर डोकं मागे टेकून बसले होते, वीसेक मिनिटांनी शेजाऱ्यांची गाडी आली तोवर उशीर झाला होता.

“तेव्हा कोणी बघितलं नाही का गाडीकडे?”

“एक जण बघून गेला. रस्त्यावरून चालला होता, मी रडतेय ते पाहून आत आला. खाली वाकला, काहीतरी चाचपलं आणि म्हणाला, आतला दिवा रात्रभर चालू राहिला असणार, बॅटरी उतरली.” त्यांनी केबिनकडे बोट केलं. “आदल्या रात्री ह्यांचा चष्मा शोधायला मीच गाडीत गेले होते. टॉर्च घेऊन गेले होते खरं तर. दिवा लावल्याचं मला आठवत नव्हतं. पण आता आठवतं. आता तर तो पिवळा उजेडसुद्धा डोळ्यांपुढे येतो.”

“आणि मुलगा?”

“तो तिथेच उभा होता. त्याने ऐकलं. चार वर्षं झाली, माझ्याशी कामापुरतंच बोलतो. म्हणून विचारते, माझ्यामुळे झालं की नाही? जे असेल ते सांगा. मी ऐकून घेईन.”

एवढं सांगून त्या स्वयंपाकघरात गेल्या. स्वयंपाकघराची खिडकी गाडीकडेच उघडत होती आणि भांड्यांचा आवाज ऐकू येत होता.

मी दार ओढलं. चार वर्षं बंद असलेल्या केबिनमध्ये जो धुळीचा, कुजलेल्या रेक्झिनचा वास असायला हवा तो होताच, पण त्याच्याखाली आणखी एक वास होता, आणि तो मी झोपेतही ओळखेन. वायरींना कथिलाचा डाग देताना, म्हणजे सोल्डर करताना, राळ जळते, तिचा वास. माझ्याच पिशवीला येत असेल, असं मी धरून चाललो.

गाडीतली बॅटरी अर्थातच कामातून गेलेली होती, त्यात विशेष काही नव्हतं. मी माझी भरलेली बॅटरी केबलांनी जोडली, गिअर न्यूट्रलला असल्याची खात्री केली आणि किल्ली फिरवली. डॅशबोर्डावरचे दिवे लख्ख लागले. किल्ली पुढे दाबली तर काहीच नाही, ‘टक’सुद्धा नाही. म्हणजे त्या दिवशी बॅटरी उतरली असो वा नसो, ही गाडी फिरणारच नव्हती. मला बरं वाटलं. कोड्याचं पहिलं टोक हाती आलं की मला नेहमीच बरं वाटतं.

मग माझ्या पद्धतीने एकेक पायरी. स्टार्टरच्या बारीक वायरीला थेट करंट दिला, तर इंजिन जोरात फिरलं, म्हणजे स्टार्टर ठणठणीत. किल्लीच्या मागे टेस्टर लावला, त्याचाही दिवा लागला, म्हणजे किल्ली ठणठणीत. करंट किल्लीपासून निघत होता आणि स्टार्टरपर्यंत पोहोचत नव्हता, वाटेत डॅशबोर्डामागे कुठेतरी अडत होता. तिकडे वळण्याआधी सहज म्हणून मी वर केबिनच्या दिव्याकडे बघितलं. काचेचं झाकण होतं, ते काढलं. आत बल्ब नव्हता. नुसता आजच नव्हता असं नाही. होल्डरमध्ये हिरवट गंज चढून त्याचा दगड झाला होता, तिथे गेल्या दहा वर्षांत बल्ब बसलेला असणं शक्य नव्हतं. त्या बाईंना आठवणारा पिवळा उजेड कधी पडलाच नव्हता.

मी हाक मारायला तोंड उघडलं होतं. तेव्हाच हाक मारली असती तर बरं झालं असतं. पण मी स्वतःला चोख कामाचा माणूस समजतो ना, मूळ सापडल्याशिवाय बोलायचं नाही. म्हणून मी सीटवर आडवा झालो आणि डावा हात डॅशबोर्डामागे घातला. अशा ठिकाणी हात चाचपडत जातो, बोटं खरचटतात, शिव्या निघतात. माझा हात चाचपडला नाही. वरच्या पट्टीवरून डावीकडे, हीटरच्या नळीला वळसा घालून तो सरळ एका लहानशा स्विचवर जाऊन टेकला. चोर-स्विच म्हणतात त्याला. गाडी चोरीला जाऊ नये म्हणून काही लोक असा लपवून बसवून घेतात, तो बंद असला की किल्ली कितीही फिरवा, स्टार्टरला पत्ता लागत नाही. हा बंद होता.

मी तो वायरींसकट खाली ओढला आणि त्या मळकट उजेडात धरला. दोन्ही जोडांवर धाग्याचे तीन वेढे होते आणि शेवटी गाठ.

हे समजावून सांगायला हवं. आजकाल सगळे चिकटपट्टी गुंडाळतात. माझ्या उस्तादांनी मला शिकवलं होतं की उन्हाळ्यात पट्टीचा डिंक पाघळतो, धागा पाघळत नाही, म्हणून जोडाला डाग दे, वर नळी चढव आणि तिच्यावर मेणाच्या धाग्याचे तीन वेढे बांध. उस्ताद गेले, त्यांचे बाकीचे चेले पट्टीवर गेले, मी तेवढा राहिलो. आणि मी डावरा असल्यामुळे माझी गाठ उलटी बसते. कुठल्याही गॅरेजमध्ये ती दाखवा, लोक हसतील आणि माझं दुकान कुठे आहे ते सांगतील. माझ्या हातात होती ती गाठ उलटी होती.

असेल, मी स्वतःशी म्हणालो, एकतीस वर्षांत हजारो गाड्या हाताखालून गेल्या, ही पण कधी गेली असेल. पण धागा हिरवा होता. जन्मभर मी पांढरा धागा वापरला, तो दुकानात संपला होता म्हणून गेल्या सोमवारी पहिल्यांदाच हिरवं रीळ आणलं होतं. मी पिशवीतून ते काढून शेजारी धरलं. तोच हिरवा, तेच मेण. आणि नळीच्या टोकाशी दिसणारा कथिलाचा डाग चांदीसारखा चकचकत होता. कथील हवेत काळवंडतं, वर्षभरातच काळवंडतं. त्या बंद गाडीत, त्या धुळीत, हे दोन जोड कोणीतरी या आठवड्यात केले होते.

मला भीती वाटली. शब्द फिरवून सांगण्यात अर्थ नाही. मी सोमवारपासूनचे सगळे दिवस आठवून बघितले, कुठे काम केलं, काय जेवलो, कोणाशी भांडलो, आणि ते सगळे जिथल्या तिथे होते, एकही तास कमी पडत नव्हता. मग चार वर्षांपूर्वीची ती सकाळ आठवायचा प्रयत्न केला, तर तिथे काहीच नव्हतं, आणि चार वर्षांपूर्वीची एखादी सकाळ कोणाला आठवते, असंही मी मनाला बजावलं.

खिडकीपलीकडचा नळ बंद झाला. त्या कुठल्याही क्षणी बाहेर येणार होत्या.

पुढे मी जे केलं ते कोणी सांगितलं म्हणून केलं नाही. पकड घेतली, दोन्ही जोड कापले, स्विच पिशवीच्या तळाशी कोंबला. वायरीची टोकं सोलून एकमेकांना सरळ जोडली, माझ्याच बॅटरीवर सोल्डरिंगची इस्त्री तापवून डाग दिला, नळी चढवली आणि हिरव्या धाग्याचे तीन वेढे घेऊन गाठ मारली. आता तिथे माझी गाठ असायला कारण होतं. उद्या मुलाने गाडी कुठेही नेली असती आणि कोणी ती ओळखली असती, तरी काही बिघडत नव्हतं. इतकं चोख खोटं काम माझ्या हातून कधी झालं नव्हतं, आणि हात एकदाही अडखळला नाही याची मला आजही लाज वाटते.

मी बसून किल्ली फिरवली. इंजिनाने एक आचका दिला आणि ते गरगर फिरायला लागलं. पेट घेणार नव्हतंच, टाकीतलं डिझेल शिळं झालेलं होतं, पण फिरलं, आणि तो आवाज त्या आडोशात भरून राहिला. बाई धावत बाहेर आल्या. हात ओले, तोंडावर आशा. त्या शेजारच्या सीटच्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या. मी किल्ली सोडली.

“सापडलं?”

मी खाली उतरलो. नुसतं बल्बचं सांगावं, स्विचचं गाळावं, असं मनात येऊन गेलं. पण मग त्यांनी विचारलं असतं, दिवा नव्हता तर काय होतं? विचारणाऱ्यातल्याच होत्या त्या. आणि त्या प्रश्नाच्या पलीकडे माझ्या पिशवीचा तळ होता.

“एक वायर जरा सैल होती, ती केली नीट,” मी म्हणालो. “पण त्या दिवशीचं म्हणाल तर बॅटरीच, ताई. दिव्याने उतरली असणार.”

त्यांचा चेहरा हळूहळू मिटत गेला. चार वर्षं ज्या एका शब्दासाठी त्या थांबल्या होत्या तो माझ्या खिशात होता आणि मी तो दिला नाही. मला त्यांची इतकी कणव आली की मी न राहवून पुढे बोललो, “हे बघा, असं कुणाच्याही हातून होतं. तुम्ही फार मनाला लावून घेऊ नका. माणसाची वेळ भरलेली असली की गाडी हे नुसतं निमित्त.”

बाईंनी मान हलवली. रागाने नव्हे, कसलीतरी खात्री पटल्यासारखी. पदराला हात पुसले आणि फोनवर बोलल्या होत्या त्याच आवाजात म्हणाल्या,

“त्या दिवशीही तुम्ही अगदी असंच म्हणाला होतात, मिस्त्री. आणि मी तुमचे आभार मानले होते.”