शिशाचा जोड

लोहचुंबक तिसऱ्यांदा खाली पडलं. फरशीवर टणकन आवाज झाला आणि आखातातल्या अल रय्यानच्या एका गॅरेजातले हातोडे एकदम थांबले.

हनियाने ते उचललं नाही. ती आपल्या लाल गाडीच्या छपराखालच्या खांबाकडे बघत राहिली. बाकीच्या पत्र्याला चुंबक घट्ट चिकटत होतं. छपराच्या चार खांबांवर मात्र ते क्षणभरही टिकत नव्हतं.

"पुट्टी! म्हणून चुंबक धरत नाही," शौनक म्हणाला. तो गॅरेजचा सुपरवायझर, पुण्याचा इंजिनिअर, वय तीसही नाही. "केरबा, इकडे ये. काय भरलंयस तू हिच्यात?"

केरबा पत्र्याचा मिस्त्री. वय अठ्ठावन्न. गुरुवारी त्याचं कायमचं गावी परतायचं तिकीट होतं. "म्या काय बी भरलं न्हाई, साहेब. पंधरा दिसांत निस्ती धूळ पुसलीया आन् इंजिनात तेल सोडलंय."

गाडी हनियाच्या वडिलांची. १९३४ सालची, अमेरिकन. बॉनेट काढून तिच्यात मोठं, उघडं इंजिन बसवलेलं आणि खांब चार इंच कापून, पुन्हा जोडून छप्पर खाली आणलेलं. अशा गाडीला हॉट रॉड म्हणतात. वडील मागच्या वर्षी वारले. अल गराफाच्या बंगल्यामागची शेड अठ्ठावीस वर्षांनी उघडली, तेव्हा ती ताडपत्रीखाली सापडली. टायर बसले होते, पण रंगाला एक चीर नव्हती.

ती गॅरेजात आली त्या दिवशी केरबा न राहवून म्हणाला होता, "साहेब, ही माझ्या हातची गाडी हाय."

"हो का? आणि विमानतळावरची विमानं? तीही तूच ठोकलीस ना?" शौनक सगळ्यांना ऐकू जाईल असं हसला होता.

आज त्याला तेच आठवलं. "तूच म्हणालास ना, तुझ्या हातची गाडी? मग पुट्टीही तुझीच." आणि हेच त्याने हनियाला इंग्रजीत सांगितलं.

केरबाला इंग्रजी येत नव्हतं, पण तिचा चेहरा बदललेला त्याला दिसला. ती थेट अरबीत बोलू लागली. इथल्या बत्तीस वर्षांत केरबाला ती भाषा येऊ लागली होती. शौनकला अरबीचे चारच शब्द ठाऊक होते.

"तू खोटारडा आहेस," हनिया म्हणाली. "या गाडीला माझ्या वडिलांखेरीज कुणी हात लावलेला नाही. छप्पर त्यांनी कापलं, त्यांनीच जोडलं. हे बघ." तिने फोन त्याच्या तोंडासमोर धरला. जुन्या फोटोत तिचे वडील गाडीजवळ उभे होते, हातात पत्रा तापवायची गॅसची बत्ती. "त्यांच्या कामात तू माती कालवलीस. मी पोलिसांत जाणार."

पोलिसांत तक्रार गेली की विमानतळावर माणूस अडतो, हे केरबाला माहीत होतं.

तो फोटोकडे बघत राहिला. छपराचं काम संपलं त्या दिवशी तिचे वडील, त्याचे तेव्हाचे मालक, शेडमध्ये आले होते. "बाजूला हो," म्हणाले होते. केरबाच्या हातातली बत्ती त्यांनी घेतली आणि आपला कॅमेरा त्याच्या हातात दिला. फोटोतली ती बत्ती पेटलेली नव्हती. पत्र्याच्या कुठल्याही मिस्त्रीला ते एका नजरेत कळलं असतं.

"मादाम, खरवडून बघू," तो अरबीत म्हणाला. "पुट्टी असली तर पांढरी भुकटी पडेल. शिसं असलं तर चांदीसारखं चमकेल. पूर्वी जोड शिशानेच भरायचे. आणि शिशाला चुंबक धरत नाही."

"काय सांगतोयस तिला?" शौनक ओरडला. "मराठीत बोल!"

"साहेब, आता एक दुभाष्या ठेवा," पलीकडून मच्छिंद्र पेंटर म्हणाला आणि दोघं-तिघं फिस्सकन हसले.

"खरवड," हनिया म्हणाली. डोळ्यांना पहिल्यांदा दिसेल अशा जागी तिने बोट ठेवलं. "भुकटी पडली तर इथूनच फोन करते."

"मादाम, दाराच्या आतून खरवडतो. इथला रंग गेला तर पुन्हा तसा जुळणार नाही."

"इथेच."

केरबाने डोळे मिटून खांबावरून तळवा फिरवला. जोड कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो, ते त्यालाही लागेना. मग त्याने बाह्या वर सारल्या, खरवडणी उचलली आणि रंगावर टेकवली.

लाल कपचे पडले. मग राखाडी थर गेला. मग रुपयाएवढी जागा लख्ख चमकली.

"नख दाबा," तो म्हणाला.

हनियाने दाबलं. नखाची खूण तिथे तशीच उमटून राहिली. भुकटी नव्हती.

तिने त्या खुणेवरून बोट फिरवलं. "म्हणजे वडिलांनी शिसं भरलं होतं," ती म्हणाली. मग एकदम वळली. "पण आत शिसं आहे, हे तुला कसं कळलं?"

तिच्या हातातला फोन अजून उजळलेला होता. तिचा अंगठा फोटोतल्या वडिलांच्या खांद्यावर होता.

"जुन्या गाड्यांत असतं, मादाम."

"मग तुझ्या हातची गाडी, असं का सांगितलंस?"

"चुकलं."

"पुन्हा असं बोलू नकोस," ती म्हणाली आणि गाडीला फेरी मारू लागली.

"काय म्हणाली?" शौनकने विचारलं.

"खलास. पोलीस न्हाईत." केरबा बाह्या खाली ओढू लागला.

शौनकने त्याचा हात धरला. मनगटावर वाटाण्याएवढा पांढरा चट्टा होता, वितळलेल्या धातूचा थेंब पडून भाजल्यासारखा. तो चट्टा बघून त्याने खांबावरच्या चकाकत्या जागेकडे बघितलं. त्याचा आवाज खाली आला, पण गोड झाला नाही. "मग सांगितलं का नाहीस तिला, मूर्खा?"

"तिकीट गुरवारचं हाय, साहेब." केरबाने हात सोडवून घेतला आणि बाहीचं बटण लावलं.

"ए!" हनियाने हाक मारली. वडील उभे होते तशीच ती खांबापाशी उभी राहिली होती, उघड्या शिशावर बोटं ठेवून. तिने फोन केरबापुढे धरला. "फोटो काढ. शिसं नीट दिसलं पाहिजे."

केरबाने दोन्ही हात पँटला पुसले. फोन घेतला. आपली सावली गाडीवर पडू नये म्हणून तो दोन पावलं मागे सरकला आणि त्याने बटण दाबलं.